मधुमेही रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन का लावतात?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातील एका भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या वडिलांचे वय ६६ असून त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या जुन्याच होत्या, गेल्या वर्षी त्यात डॅपाग्लिफ्लोझिनची भर पडली. आतड्याला पीळ पडल्यामुळे त्यांचे तातडीने ऑपरेशन करावे लागले. आतड्याचा काही भाग काढून पोटावर तात्पुरती पिशवी लावली आणि पाच दिवस तोंडाने काहीही दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची साखर २८६ निघाली, तरीही बाटल्यांवर ‘डेक्स्ट्रोज’ असे छापलेले या भगिनींनी पाहिले. शेजारच्या पंपावर ‘इन्सुलिन’ अशी चिठ्ठी होती. एका बाजूने साखर द्यायची आणि दुसऱ्या बाजूने ती उतरवायचे औषध द्यायचे, हा उलटा प्रकार त्यांना पटला नाही. रात्री दोन वाजता साखर २१२ असताना त्यांनी सलाईनच्या नळीवरचा, थेंबांचा वेग ठरवणारा रोलर स्वतःच बंद केला. दीड तासाने सिस्टर आल्या तेव्हा साखर १३८ होती. सिस्टरनी रोलर पुन्हा उघडला आणि सकाळी डॉक्टरांनी त्यांना कडक शब्दांत समज दिली. भाऊ अजून रागावलेला आहे. आईचे म्हणणे असे की, पाच दिवस ग्लुकोज मिळाले म्हणूनच त्यांच्या अंगात ताकद राहिली. आता पिशवी काढण्याचे दुसरे ऑपरेशन दीड महिन्यावर आले आहे. त्यांचा प्रश्न असा: “या वेळी ‘ग्लुकोज देऊ नये’ असे मी आधीच लिहून देऊ का? बाटली बंद केल्यावर साखर उतरली, यावरून माझे बरोबर होते असे सिद्ध होत नाही का?”

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील ज्या आकड्याला तुम्ही पुरावा मानता, त्या १३८ पासूनच मी सुरुवात करतो, कारण माझ्या मते संपूर्ण पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे. तुमच्या वडिलांना दोन नळ्यांमधून दोन गोष्टी एकाच वेळी मिळत होत्या. एका नळीतून ग्लुकोज येत होते आणि दुसरीतून इन्सुलिन. इन्सुलिनची गती ठरवताना ग्लुकोज चालूच राहणार आहे असे गृहीत धरलेले असते. तुम्ही ग्लुकोजचा रोलर बंद केलात, पण पंप चालूच राहिला. त्यानंतरचा दीड तास वडिलांच्या शरीरात इन्सुलिन जात होते आणि त्याच्या जोडीचे ग्लुकोज मात्र थांबलेले होते. २१२ वरून १३८ हा उतार तिथे येऊन थांबणार होता, असे मानायला काहीच आधार नाही. सिस्टर तासभर उशिरा आल्या असत्या, तर साखर ७० च्या खाली गेलेली सापडण्याचीही शक्यता होती. दरदरून घाम, हातांची थरथर, बरळणे ही साखर उतरल्याची लक्षणे तुम्हाला घरी ओळखता येत असतील. परंतु ऑपरेशननंतर वेदनाशामक औषधांच्या गुंगीत असलेला माणूस यातले काही सांगू शकत नाही, तो नुसता झोपलेला दिसतो. डॉक्टरांचे शब्द कडक होते ते या भीतीपोटी, असे मला वाटते.

हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही बाटलीवरची चिठ्ठी वाचलीत, साखरेचे आकडे टिपून ठेवलेत आणि प्रश्न विचारलात, एवढी दक्षता फार थोड्या नातेवाइकांकडे असते. तो प्रश्न रोलरवर बोट ठेवण्याआधी सिस्टरना विचारला जायला हवा होता, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता बाटलीत नेमके काय असते ते पाहू. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. चिठ्ठीवरील ५ टक्के याचा अर्थ १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम. घरच्या मापाने ही सुमारे पाच चमचे साखर झाली. ‘डीएनएस’ लिहिलेल्या बाटलीत हीच २५ ग्रॅम साखर असते आणि शिवाय साडेचार ग्रॅम मीठ असते. १० टक्क्यांच्या बाटलीत ५० ग्रॅम साखर असते. ‘एनएस’ म्हणजे नुसते मिठाचे पाणी. ‘आरएल’मध्ये सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते, ग्लुकोज नसते. बोलताना आपण या सगळ्यांना सरसकट ‘सलाईन’ म्हणतो, काही जण सगळ्यांनाच ‘ग्लुकोज’ म्हणतात, आणि निम्मे गैरसमज तिथेच सुरू होतात. तुम्ही टिपून पाठवलेल्या एका दिवसाच्या बाटल्या अशा आहेत: दोन डीएनएस, एक ५ टक्के डेक्स्ट्रोज आणि एक आरएल. म्हणजे चोवीस तासांत दोन लिटर द्रव आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज.

७५ ग्रॅम हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. माणूस उपाशी असताना त्याचे यकृत स्वतःच रक्तात ग्लुकोज सोडत असते. त्याचा साधारण वेग वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला २ मिलिग्रॅम असतो. तुमच्या वडिलांच्या ६२ किलो वजनाला हा हिशेब लावला, तर दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज त्यांचे यकृतच तयार करते. बाटल्यांमधून आलेले ७५ ग्रॅम त्याच्या निम्म्याहून कमी भरतात. मोठ्या ऑपरेशननंतर शरीरात कॉर्टिसॉल, अॅड्रेनॅलिन, ग्लुकागॉन ही ताणाची संप्रेरके वाढतात. ती यकृताला आणखी ग्लुकोज सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर अशा वेळी २०० च्या पुढे गेलेली आढळते. त्यामुळे २८६ हा आकडा सगळाच्या सगळा बाटलीतून आला, असे म्हणता येत नाही. बाटलीने त्यात भर घातली असेल, हे खरे. पण बाटली लावलीच नसती तर साखर १५० राहिली असती, असे मानू नका.

तो आकडा कोणत्या रक्तावर आला होता, तेही विचारण्यासारखे आहे. ज्या हाताला ग्लुकोजचे सलाईन चालू आहे, त्याच हाताच्या शिरेतून इंट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या, वरच्या बाजूला रक्त घेतले, तर त्यात बाटलीतील ग्लुकोज मिसळते आणि साखर खोटी वाढलेली दिसते. ४०० किंवा ५०० असे आकडे येऊन घरच्यांचे धाबे दणाणते आणि दुसऱ्या हातातून घेतलेल्या रक्तात साखर १९० निघते, असे प्रसंग वॉर्डात घडत असतात. बोटाच्या टोकाला फळाचा रस किंवा गोड पदार्थ लागलेला असला, तरी ग्लुकोमीटर फसतो. नातेवाइकाने सफरचंद सोलून तोच हात रुग्णाच्या हाताला पुसावा, एवढेही त्याला पुरते. म्हणून अनपेक्षित मोठा आकडा आला, तर बोट पाण्याने धुऊन, दुसऱ्या हाताचे, पुन्हा एकदा तपासायला सांगावे. ही विनंती केल्याबद्दल कोणीही रागावणार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. साखर चढलेली असताना साखर द्यायचीच कशाला? यामागे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की रक्तात साखर भरपूर आहे म्हणजे शरीराला ती मिळतेच आहे. मधुमेहात नेमके हेच होत नाही. रक्तातील ग्लुकोज स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींच्या आत जायला इन्सुलिन लागते. ते अपुरे पडले, तर रक्तात साखर तुंबून राहते आणि पेशी मात्र उपाशीच असतात. मेंदूला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतातील साठा जवळपास एका दिवसाच्या उपवासात संपत येतो. पुढे शरीर स्नायू मोडून ग्लुकोज बनवते आणि चरबी जाळून कीटोन नावाची आम्ले तयार करते. दिवसाला थोडे ग्लुकोज मिळाले की स्नायूंची ही मोडतोड कमी होते, ही गोष्ट अमेरिकन बालरोगतज्ज्ञ जेम्स गॅम्बल यांनी १९४० च्या दशकात, समुद्रात बोट बुडून तराफ्यावर अडकलेल्या माणसांना किमान काय शिधा लागेल याचा शोध घेताना, प्रयोगांनी दाखवली होती. दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोजवर शरीरातील प्रथिनांची झीज जवळजवळ निम्म्यावर आली होती. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही तोंड बंद असलेल्या प्रौढ रुग्णाला दिवसाला ५० ते १०० ग्रॅम ग्लुकोज द्यावे, असे म्हटले आहे. त्याचा उद्देश उपासमारीमुळे कीटोन वाढू नयेत, एवढाच आहे. तुमच्या वडिलांचे ७५ ग्रॅम बरोबर या मर्यादेत बसतात.

त्यांच्या बाबतीत आणखी एक कारण होते आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत वजनदार आहे. त्यांच्या गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन आहे. हे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकते आणि एरवी हृदयासाठी व मूत्रपिंडासाठी चांगले ठरते. परंतु ते घेणारा माणूस उपाशी राहिला आणि त्यावर ऑपरेशनचा ताण पडला, तर रक्तात कीटोन आम्ले साचण्याचा धोका असतो. घात असा की, या वेळी साखर फारशी चढलेली नसतानाही, १५० किंवा २०० असतानाही, रक्त आम्लधर्मी होऊ शकते. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनपूर्वी हे औषध निदान तीन दिवस बंद ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या वडिलांचे ऑपरेशन तातडीचे होते, त्यामुळे औषधाचा अंश शरीरात असतानाच ते टेबलावर गेले. हा धोका टाळायचा किंवा उलटवायचा, तर पुरेसे इन्सुलिन द्यावे लागते, आणि इन्सुलिन पुरेसे देता यावे म्हणून त्याच्यासोबत ग्लुकोज चालू ठेवावे लागते. तुम्हाला जो उलटा प्रकार वाटला, तो या परिस्थितीत उपचारच होता. मी त्यांचा केसपेपर पाहिलेला नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात हेच होते असे छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून ग्लुकोज आणि इन्सुलिन ही जोडी मला चुकीची वाटत नाही.

मधुमेहात कीटोन वाढून रुग्ण अतिदक्षता विभागात येतो, तेव्हाही हेच करतात. सुरुवातीला एनएस आणि इन्सुलिन देतात, आणि साखर २५० च्या आसपास उतरली की इन्सुलिन न थांबवता सोबत ५ टक्के डेक्स्ट्रोज जोडतात, कारण साखर आधी उतरते आणि कीटोन संपायला जास्त वेळ लागतो. अशा वेळी बाहेर बसलेल्या नातेवाइकांना कोणी हे सांगितले नाही, तर त्यांना तुमच्यासारखाच प्रश्न पडतो आणि तो पडणे साहजिक आहे.

साखर अगदी ९० किंवा १०० वर आणायला हवी होती, असेही तुमच्या पत्रातून डोकावते. रुग्णालयात दाखल असलेल्या बहुतेक मधुमेही रुग्णांची साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. नाइस-शुगर नावाच्या मोठ्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील सहा हजारांहून अधिक रुग्ण होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, साखर ८१ ते १०८ अशी काटेकोर ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंगही कितीतरी जास्त आले. म्हणून २८६ ही साखर उतरवायलाच हवी होती, यात शंका नाही, आणि म्हणूनच इन्सुलिनचा पंप लावला होता. मात्र ती ९० वर आणायचा अट्टहास धरणे योग्य नव्हते.

इथपर्यंत वाचून तुमची शंका मी निकालात काढली असे वाटले असेल, तर थोडे थांबा. तुमच्या शंकेत खरे असलेले बरेच काही आहे. आपल्याकडे डीएनएस सवयीने लावले जाते, ही गोष्ट मी मनापासून खेदाने लिहितो. ताप आला, अंगात कणकण आहे, जेवण कमी झाले, की लावा एक बाटली. रुग्णाला मधुमेह आहे, तो तोंडाने खातो-पितो, त्याला इन्सुलिन चालू नाही, आणि तरीही दिवसाला तीन डीएनएस जात आहेत, अशा ठिकाणी तुमची हरकत रास्त आहे आणि ती घ्यायलाच हवी. अशा रुग्णाला द्रव लागत असेलच, तर एनएस किंवा आरएल सहसा पुरते. रक्तदाब एकाएकी पडला असताना भराभर द्रव द्यायचा, तर तो ग्लुकोजचा नसावा. डोक्याला मार लागलेल्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाला, साखर उतरलेली नसेल, तर ग्लुकोजचे पाणी टाळतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजमधील ग्लुकोज शरीराने वापरून टाकले की मागे नुसते पाणी उरते. ते जास्त झाले तर रक्तातील सोडियम उतरते आणि वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. घरच्यांना वाटते की साखरेने असे झाले आणि सोडियम तपासायचे राहून जाते. उलट काही औषधे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावी लागतात. बुरशीच्या गंभीर संसर्गावरील अॅम्फोटेरिसिन मिठाच्या पाण्यात चालत नाही, त्यामुळे तिथे बाटली बदलून मागण्यात अर्थ नसतो.

बाटलीत साखर किती, याइतकाच ती किती वेळात जाते हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. साखर १०० असताना आपल्या पाच लिटर रक्तात मिळून अवघे ५ ग्रॅम ग्लुकोज असते. ५०० मिलिलिटरची ५ टक्क्यांची बाटली सहा तासांत गेली, तर तासाला चार ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तात येते. हीच बाटली तासाभरात संपली, तर तेवढ्या वेळात २५ ग्रॅम ओतले जातात. वडिलांच्या वजनाला हा वेग दर किलोमागे मिनिटाला साडेसहा मिलिग्रॅमहून जास्त पडतो, आणि शरीर साधारण चार ते पाच मिलिग्रॅमच जाळू शकते. सहा तासांच्या वेगासाठी, मिलिलिटरला २० थेंब पाडणाऱ्या सेटमध्ये मिनिटाला २८ थेंबांच्या आसपास दिसायला हवेत. “बाथरूमला जायचे आहे, लवकर संपवा” म्हणून रोलर सैल सोडणारे नातेवाईक मला तुमच्याइतकेच काळजीचे वाटतात. वेग बदललेला दिसला, हात वाकवल्यामुळे थेंब थांबले किंवा धार लागली, तर घंटी वाजवावी. रोलरला नातेवाइकांनी हात लावू नये, ना बंद करायला, ना उघडायला.

आईंच्या म्हणण्याविषयीही लिहायला हवे, कारण तुमच्या भीतीइतकाच त्यांचा विश्वासही या बाटलीला तिच्याहून मोठी करतो. एक ग्रॅम डेक्स्ट्रोजपासून ३.४ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे ७५ ग्रॅममधून मिळालेल्या कॅलरी २५५. वडिलांची दिवसाची गरज दर किलोला २५ ते ३० या हिशेबाने पंधराशे ते अठराशे होती. ऑपरेशनची जखम भरून यायला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने हवी होती, आणि या बाटल्यांमध्ये प्रथिनांचा एक कणही नसतो. पाच दिवस ते सलाईनवर होते याचा अर्थ ते पाच दिवस जवळजवळ उपाशी होते. ऑपरेशननंतर त्यांचे वजन ६२ वरून ५७ झाले, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे मोठे कारण इथे आहे, आणि पुढच्या ऑपरेशनच्या दृष्टीने मला साखरेपेक्षा या पाच किलोंची जास्त चिंता वाटते.

म्हणून आता हाती असलेल्या दीड महिन्यात आहाराकडे पाहा. मधुमेह आहे म्हणून भात बंद, पोळी अर्धी, असे करत करत त्यांचे जेवणच कमी झाले असेल, तर ते थांबवा. डाळ, उसळ, दही, पनीर आणि चालत असेल तर अंडी व मासे प्रत्येक जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनांचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. पिशवी लहान आतड्याची असेल, तर तिच्यातून पाणी आणि मीठ बरेच वाहून जाते. किती आणि काय प्यावे, हे सर्जनकडून लिहून घ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे माप ठेवा. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी आत्ताच करून घ्या. ती ८ च्या खाली असेल तर उत्तम. जास्त निघाली, तर गोळ्या किंवा इन्सुलिन बदलायला अजून वेळ आहे.

‘ग्लुकोज देऊ नये’ असे लिहून देऊ का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असेच आहे. असा कागद केसपेपरला लागला आणि रात्री वडिलांची साखर ५० झाली, तर क्षणाचाही विचार न करता जे द्यायला हवे, त्यावरच तुम्ही आडकाठी घातलेली असेल. साखर एकदम उतरून बेशुद्धी येते, तेव्हा २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, शिरेतून देतात आणि माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या वयस्कर रुग्णाची साखर एकदा वर आणल्यावर पुन्हा पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याला पुढे दिवसभर किंवा त्याहूनही जास्त काळ ग्लुकोज चालू ठेवावे लागते.

त्याऐवजी दाखल होण्याआधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यासमोर एक कागद ठेवा. त्यावर सर्व औषधांची नावे आणि मात्रा लिहा आणि डॅपाग्लिफ्लोझिनखाली रेघ मारा. ते कोणत्या तारखेपासून बंद करायचे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची आणि त्या सकाळची मात्रा काय, हे त्याच कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. मागच्या वेळी साखर किती चढली होती आणि इन्सुलिनचा पंप किती दिवस लागला होता, तेही नोंदवा. ऑपरेशन सकाळच्या यादीत पहिले घेता येईल का, हे विचारा, म्हणजे उपवास लांबणार नाही. मग हे प्रश्न विचारा: ऑपरेशननंतर सलाईन कोणते असेल, त्यातून दिवसाला किती ग्रॅम ग्लुकोज जाईल, सोबत इन्सुलिन कसे दिले जाईल, साखर किती तासांनी तपासली जाईल आणि कोणत्या आकड्याला डॉक्टरांना कळवले जाईल. इन्सुलिनचा पंप चालू असताना सुरुवातीला साखर साधारण तासातासाला पाहतात. शिवाय हेही विचारा की, काही कारणाने ग्लुकोजची बाटली संपली किंवा इंट्राकॅथ निघाला, तर इन्सुलिनचे काय करायचे. रात्रपाळीच्या सिस्टरना याचे उत्तर माहीत असणे मला फार मोलाचे वाटते, कारण बाटली संपते ती बहुतेक वेळा कोणाचे लक्ष नसतानाच.

आहाराविषयीही तितक्याच स्पष्टपणे विचारा. आतड्याच्या ऑपरेशननंतरही आता अनेक रुग्णांना पहिल्या दिवसातच तोंडाने थोडे द्यायला सुरुवात करतात. पाच दिवसांहून जास्त काळ तोंडाने काही देता येणार नाही असा अंदाज असेल, तर नळीवाटे आहार किंवा शिरेतून प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि ग्लुकोज असा पूर्ण आहार यांचा विचार आधीच करावा लागतो. हा पूर्ण आहार म्हणजे साधी ग्लुकोजची बाटली नव्हे. त्यात साखर बरीच जास्त असते आणि त्याच्यासाठी बहुधा मानेतील किंवा दंडातील मोठ्या शिरेची नळी लागते. फार दिवस खाणे तुटलेल्या रुग्णाला एकदम भरपूर ग्लुकोज सुरू केले, तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येऊ शकतात. म्हणून त्याला आधी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, देतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. अति मद्यपान करणाऱ्या रुग्णांनाही हेच लागू आहे.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्या घरी असा प्रसंग नाही, त्यांच्यासाठी थोडे. अशक्तपणावर ‘ताकदीचे सलाईन’ मागायला दवाखान्यात जाऊ नका. एका बाटलीतून ८५ किलोकॅलरी मिळतात आणि तेवढ्यासाठी शिरेत सुई टोचून घेण्यात काही शहाणपण नाही. जुलाब झाले असतील आणि माणूस पिऊ शकत असेल, तर ओआरएस द्या. त्याच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते आणि ते आतड्यातून मीठ व पाणी आत ओढून घेण्यासाठी असते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच प्रकारचे द्रावण पिंपांतून पाजून कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले. मधुमेही माणसानेही जुलाबात ते घ्यावे आणि साखर तपासत राहावे. लहान मुलांची, विशेषतः नवजात बाळांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा साठा फार थोडा असतो आणि शिरेतून ग्लुकोज मिळाले नाही तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. तिथे बाटलीवरचे ‘डेक्स्ट्रोज’ पाहून मोठ्यांच्या मधुमेहाचे गणित लावू नका. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे की, तोंड बंद असले तरी त्यांचे इन्सुलिन पूर्णपणे कधीच थांबवायचे नसते, आणि त्यासाठीच त्यांना सलाईनमधून ग्लुकोज लागते.

ताई, भावाशी बोलताना या पत्रातील दोन्ही गोष्टी सांगा. रोलर बंद करणे धोक्याचे होते, हे मोकळेपणाने मान्य करा, आणि साखर, बाटल्या, गोळ्या यांची नोंद ठेवणारे कोणीतरी या वेळीही हवे, हेही सांगा. ते काम तुम्हीच करावे असे मला वाटते. रात्री वडिलांजवळ भाऊ थांबणार असेल, तर वही त्याच्याकडे द्या आणि त्यात शेवटची साखर किती वाजता किती होती, पंपावर इन्सुलिनचा आकडा काय आहे आणि कोणती बाटली कधी लावली, एवढे त्याला लिहायला लावा. तोंडाने जेवण सुरू झाल्यावर ज्या दिवशी ग्लुकोजची बाटली काढतील, त्या दिवशी इन्सुलिनची मात्राही बदलली आहे ना, हे राउंडच्या वेळी डॉक्टरांना विचारून त्याच वहीत नोंदवून ठेवा.